दरबारातली खरखर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरच्या बाई आणि सर, समोरचे सगळे आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी उभे राहून पुलावाचा अंदाज घेणारे आमच्या बॅचचे मित्र,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आयोजकांनी विषय सुचवला होता, 'शाळेने मला काय दिलं'. त्यावर सकाळपासून सहा जण बोलले आणि चांगलं बोलले. सातव्याने तेच सांगितलं तर तुम्ही उठून जाल. मी साउंडवाला माणूस. आज तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतोय तो माझ्याच पेट्यांमधून. तेव्हा मी माझ्या धंद्यातलं बोलतो. शाळेच्या नाटकात कॉलर माइक ऐन वेळी दगा का देतात, हा विषय. त्याच्या पोटात एक जुनं देणं आहे. ते फेडायला मी आज उभा आहे.

'आग्र्याहून सुटका' हे नाटक तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. झाली त्याला दहा-बारा वर्षं. त्या वर्षी गॅदरिंग बाहेर कालिदासला न करता आपल्याच सभागृहात करायचं ठरलं. याच सभागृहात. तेव्हा छपराला हे फॉल सीलिंग नव्हतं, नुसता पत्रा होता, आणि पंखे असे की सुरू केले की वर हेलिकॉप्टर आल्यासारखं वाटायचं.

बाईंना कॉलर माइक नकोच होते. बाईंची पद्धत आपल्याला माहीत आहे. त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि वाक्य ऐकू आलं नाही की वही वर करायच्या. बोलायच्या नाहीत, नुसती वही. आपण सगळे त्या वहीला घाबरून मोठ्याने बोलायला शिकलो. मराठी नाटकात वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. रंगमंचाच्या कडेला दोन-तीन माइक, वर टांगलेले एक-दोन, आणि बाकीचं नटाच्या गळ्यावर. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात तर तेही नव्हते. पण त्या वर्षीच्या पालकांना टीव्हीवर दिसतात तसे प्रत्येकाच्या अंगावर माइक हवे होते. एका पालकाने 'जाणता राजा'चं उदाहरण दिलं, त्यात कसा प्रत्येकाचा आवाज खणखणीत येतो! मी सांगितलं, की त्या महानाट्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, नट त्यावर अभिनय करतात. मैदानावर घोडे-हत्ती घेऊन प्रयोग करायचा तर तेच शहाणपणाचं. आपल्या मुलांना ते जमायचं नाही, कारण एकाने वाक्य खाल्लं की पुढचं सगळं घसरतं. शेवटी कॉलर माइकवर एकमत झालं आणि काम माजी विद्यार्थी म्हणून मला मिळालं. भाव मी कमी केला होता, हेही कारण असावं.

आठ पात्रांना आठ माइक. चार सेट माझे होते, चार मित्राकडून भाड्याने आणले, दुसऱ्या कंपनीचे. कॉलर माइक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कॉलरला किंवा कपाळाशी केसांत लावलेला दाण्याएवढा माइक, त्याची वायर कमरेच्या डबीत, ती डबी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशन. तिची ताकद इतकी कमी की साधा टॉर्चचा बल्बही त्यावर पेटणार नाही. समोर मिक्सरजवळ प्रत्येक डबीसाठी एक रिसीव्हर. डबी आणि रिसीव्हर एकाच आकड्यावर लावायचे, आणि आठ जोड्यांना आठ वेगळे आकडे द्यायचे.

मी आकडे दिले ते असे. महाराज 606 मेगाहर्ट्झ, संभाजीराजे 607, औरंगजेब 608, रामसिंह 609, आणि असं करत फुलादखानापर्यंत 613. लक्षात ठेवायला सोपं. हजेरीपटासारखं एकाखाली एक. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

रंगीत तालमीच्या दिवशी मी एकेका मुलाला बोलावलं, डबी सुरू केली, 'जय भवानी' म्हणायला लावलं, आवाज ठीक आहे म्हणून खूण केली, आणि सेल वाचावेत म्हणून डबी बंद करून पुढच्याला बोलावलं. आठही माइक स्वच्छ. मी निर्धास्त घरी गेलो.

मिक्सरवर मी नववीतल्या एका मुलाला बसवलं होतं. त्याचं नाव घेणार नाही, तशी त्याची अट आहे. हुशार आणि शांत मुलगा होता. नाटकाची सगळी कॉपी त्याने लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवली होती. कोण कधी आत येतो, कोणाचा माइक कधी वर करायचा, कधी खाली. प्रयोगाच्या वेळी मी विंगेत मुलांच्या डब्या बघत होतो आणि मिक्सर त्याच्या हाती होता.

पहिला प्रवेश उत्तम गेला. दुसऱ्याच्या सुरुवातीला सगळ्या सभागृहाने औरंगजेबाला "बाई, मला शू लागलीये" म्हणताना ऐकलं. ते तुम्हाला आठवत असणारच, त्यावर अजून हसता. त्या मुलाचा माइक विंगेत उघडा राहिला होता. मिक्सरवरच्या मुलाने अर्ध्या सेकंदात तो खाली घेतला, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. लक्षात ठेवा, ती त्याची त्या दिवसातली एकमेव चूक. आणि तीही खरं तर माझी, कारण आत येईपर्यंत माइक खालीच ठेवायचा हे मी त्याला बजावायला हवं होतं.

मग दरबार. 12 मे 1666, आग्रा. आठही पात्रं रंगमंचावर किंवा विंगेत एकमेकांना खेटून उभी. महाराज मागच्या रांगेत उभे केलेत, पुढे जसवंतसिंह आहे हे कळतं आणि महाराजांचा संताप उसळतो. सगळ्या नाटकाचा कणा तो. महाराजांनी तोंड उघडलं आणि स्पीकरमधून खर्र, खर्र, मग शिट्टी, मग महाराजांच्या माइकमधून रामसिंहाचा घोगरा आवाज. पुन्हा खर्र.

सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. स्पीकर खरखरला की लोक स्पीकरकडे बघत नाहीत, मिक्सरवर बसलेल्या माणसाकडे बघतात. कोणीतरी ओरडलं, "अरे कसली बटणं दाबतोयस?" तो उभाच राहिला बिचारा, दोन्ही हात वर करून, म्हणजे बघा, मी हात लावलेला नाही.

बाई विंगेतून पुढे आल्या आणि त्यांनी मला हाताने खूण केली, सगळे माइक बंद. मी मागे धावत गेलो, सगळे माइक खाली घेतले. कोणीतरी पंखे बंद केले. महाराजांनी वाक्य पहिल्यापासून घेतलं, नुसत्या गळ्यावर. आता आठवणीत तो प्रवेश फार भारी झाला असं आपण म्हणतो. खरं सांगायचं तर सहाव्या रांगेच्या मागे निम्मं ऐकू गेलं नाही. पण मुलं थांबली नाहीत, तेवढं खरं.

पुढच्या प्रवेशात मी दोनच माइक सुरू केले, तर ते ठणठणीत. मला वाटलं सेलची गडबड होती, गेली. मग पेटाऱ्याचा प्रवेश. संभाजीराजे पेटाऱ्यात शिरले, वरून झाकण पडलं, आणि आतलं ते एक वाक्य, ज्यावर टाळी ठरलेली होती, ते गायब. एक शब्द आला नाही.

प्रयोग संपल्यावर मिक्सरभोवती मोठ्यांचं कोंडाळं. एकाने विचारलं, या पोराच्या हातूनच झालं ना? सगळे माझ्याकडे बघत होते. तोही बघत होता. मी म्हणालो, "असेल हो. पोरगा आहे."

हे वाक्य मी उच्चारलं. पुढच्या वर्षी त्याला मिक्सरवर बसवलं नाही.

दोन दिवसांनी भांडुपच्या माझ्या गाळ्यात मी सामान परत लावत होतो. आठही डब्या एका टेबलावर, सगळ्या सुरू, कारण कोणत्या डबीत किती सेल उरलाय ते बघत होतो. शेजारी आठ रिसीव्हर. 608 ची डबी बंद केली. तर तिच्या रिसीव्हरवरचे सिग्नलचे दिवे पेटलेलेच. डबी बंद, सेल काढलेले, आणि रिसीव्हर सांगतोय की 608 वर कोणीतरी आहे. मी चमकलो. 606 ची डबी उचलून लांब नेली, दिवे मंद झाले. परत आणली, दिवे लागले.

कारण असं. दोन डब्या जवळ आल्या की एकीची लहर दुसरीच्या आत शिरते आणि तिथे दोघींच्या मिश्रणातून नव्या लहरी तयार होतात. त्यांतल्या त्रासदायक कुठे पडतात, त्याचा हिशेब सहावीतला आहे: एकीची दुप्पट वजा दुसरी. 607 ची दुप्पट 1214, त्यातून 606 गेले, उरले 608. म्हणजे महाराज आणि संभाजीराजे शेजारी उभे राहिले की औरंगजेबाच्या आकड्यावर एक भूत उभं राहतं. औरंगजेब आणि रामसिंह शेजारी आले की 607 आणि 610 वर भुतं. दोन माइकची अशी भुतं 2. आठ माइकची 56. तिघातिघांच्या मिश्रणाची धरली तर आणखी 168. आणि आकडे समान अंतरावर ओळीने लावले की ती भुतं नेमकी आपल्याच दुसऱ्या माइकवर येऊन बसतात. मी ज्या टापटिपीवर खूश होतो, तीच नडली.

एकेकटा माइक तपासला तेव्हा काहीच दिसलं नाही, कारण भुताला दोन माणसं लागतात. दरबारात आठ होती.

गणिताच्या सरांसाठी एक गंमत, सर मान हलवतायत म्हणून सांगतो. चार माइक असतील तर 606, 607, 610, 612 असे लावा. कोणत्याही दोघांतला फरक काढा: 1, 2, 3, 4, 5, 6, प्रत्येक फरक एकदाच येतो. अशी मांडणी असली की ही भुतं पडतात ती मोकळ्या जागेत, माइकवर नाही. घरी जाऊन करून बघा. आठ माइकसाठी हे हाताने काढणं कटकटीचं आहे. ते काम कंपनीने आधीच केलेलं असतं. सेटवर 'ग्रुप' असा पर्याय असतो, त्यातल्या एकाच ग्रुपमधले चॅनल घ्यायचे. मी दोन कंपन्यांचे सेट एकत्र केले आणि ग्रुपकडे ढुंकून पाहिलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग दरबाराची तालीम कधी खरखरली नाही, ती का? एक तर पूर्ण दरबार आठही माइक सुरू ठेवून केलाच नव्हता. दुसरं, रेडिओत जोराचा आवाज कमजोराला गप्प करतो. महाराजांची स्वतःची लहर रिसीव्हरपर्यंत दणकून पोचत असेल तर भूत ऐकूच येत नाही. ती अशक्त झाली की भूत वर येतं. आणि ती अशक्त मीच केली होती, कारण रिसीव्हर ठेवले होते मागे, मिक्सरच्या टेबलावर, सत्तर फुटांवर. रिकाम्या सभागृहात ते चालतं. प्रयोगाला मध्ये पाचशे माणसं, आणि माणूस म्हणजे या लहरींसाठी पाण्याची पिशवी, लहर शोषून घेणारी. त्यात दरबार सुरू झाल्यावर सगळे बाबा मोबाइल घेऊन शूटिंगला उभे राहिले. संपली लहर. रिसीव्हर ठेवायचे रंगमंचाशी, विंगेत, अँटेना माणसाच्या डोक्याच्या वर, आणि तिथून आवाज वायरने मागे न्यायचा. वायरला गर्दीची भीती नसते.

पेटाऱ्याचं उत्तर सापडायला मात्र मला महिना लागला. पेटारा होता साधा बांबूचा. त्याला मुलींनी हौसेने सोनेरी चकचकीत कागद लावला होता, आतून-बाहेरून. त्या कागदावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. संभाजीराजांना आपण चक्क धातूच्या डब्यात बंद केलं होतं. तालमीत तो पेटारा बिनकागदाचा होता.

त्या दिवशी लोकांनी कारणं काय काय काढली होती! समोरून लोकल गेली म्हणून. मोबाइलच्या टॉवरमुळे. कोणी म्हणालं अमावास्या आहे. बाहेरची कारणं नसतातच असं नाही. 2022च्या ऑगस्टमध्ये लिलाव संपला, 700 मेगाहर्ट्झचा पट्टा 5जीसाठी गेला आणि ऑक्टोबरपासून 5जी सुरू झालं. त्या पट्ट्यात 703 ते 748 मध्ये आपले मोबाइल बोलतात आणि 758 ते 803 मध्ये टॉवर. माझ्याकडचे दोन जुने सेट नेमके तिथले, ते मी मोडीत काढले. लॅमिंग्टन रोडला कोणी स्वस्तात जुना सेट देऊ लागला तर आधी मागच्या बाजूचा आकडा वाचा. तसेच ते ऑनलाइन मिळणारे 2.4 गिगाहर्ट्झचे छोटे माइक. घरात व्हिडिओ काढायला छान. पण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. सभागृहात पाचशे मोबाइल आले की त्यांचं काय होतं ते मी दोनदा पाहिलं आहे. तरीही माझा अनुभव असा, की दहातल्या आठ वेळा घोळ आपल्याच पेटीत असतो.

बाकी छोट्या गोष्टी. अँटेना साधारण वीतभरापेक्षा कमी, ती दुमडून कमरेत खोचली किंवा घामाने अंगाला चिकटली की लहर निम्म्याने मरते. नऊवारीत तर डबी कुठे लावायची हाच प्रश्न. कासोट्यात खोचली तर मुलगी बसताना डबी वर येते. त्यावर तोडगा एका आईने काढला, इलास्टिकचा पट्टा आणि त्याला कापडी खिसा, साडीच्या आत, डबी उलटी, अँटेना खाली लोंबती. तेव्हापासून मी तोच वापरतो, गेल्या वर्षी असे वीस शिवून घेतले. घामाने डबी बिघडू नये म्हणून व्यावसायिक लोक तिच्यावर एक रबरी वस्तू चढवतात. ती कुठली हे शाळेच्या स्मरणिकेत छापता येणार नाही, आपण फुगा वापरू. जरीची शेला-उपरणी माइकवर घासली की तो आवाज थेट खरखरीसारखाच येतो. आणि सेल प्रत्येक प्रयोगाला नवे. प्रत्येक. तालमीचे सेल प्रयोगाला चालवणारा माणूस मी होतो, म्हणून सांगतो.

आता देणं.

हे सगळं मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. पेटाऱ्याचं सोडून सगळं. मी तेव्हाच शाळेत येऊन सांगायला हवं होतं की पोराचा काही दोष नाही, आकडे मी चुकीचे लावले. नाही सांगितलं. माझं बिल यायचं राहिलं होतं. चूक कबूल केली तर ते कापतील अशी भीती. बिल आठवड्याने पूर्ण मिळालं. मग सांगायचं कारण उरलं नाही असं मी स्वतःला समजावलं, आणि वर्षं गेली. ज्या मुलाने कॉपी रंगवली होती तो माझ्याकडे साउंड शिकायला येणार होता, तसं आमचं बोलणंही झालं होतं. तो आला नाही. मी बोलावलं नाही.

या मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव दिसलं तेव्हा मी फोन केला. सगळं सांगितलं, अगदी 608 च्या दिव्यांपासून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. माझा हात फेडरवर नव्हताच. मी कॉपीत पुढचं पान उलटत होतो."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलणार? तुम्हीच म्हणालात ना, असेल."

माफी मी फोनवर मागितली. पण त्याच्यावर बोट याच सभागृहात उठलं होतं, सगळ्यांसमोर, म्हणून ते इथेच सांगायचं होतं. त्या दिवशी समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण आज बसले आहेत. दरबारात जे झालं त्यात मिक्सरवरच्या मुलाची काहीही चूक नव्हती. चूक साउंडवाल्याची होती. तो मुलगा आज इथे आला आहे, कुठे बसलाय ते शोधू नका. टाळ्या नकोत, त्याने मला तेही बजावलंय.

बाई, यंदाच्या गॅदरिंगचं काम माझ्याकडे आहे असं मला कळलं. शनिवारी दुपारी रंगीत तालीम घेऊ. सगळी मुलं वेशभूषेत हवीत, दागिने, फेटे, मिशांसकट. सगळ्या डब्या सुरू राहतील, विंगेत असतील त्यांच्याही, पहिल्या घंटेपासून पडद्यापर्यंत. त्याआधी एकेक डबी बंद करून तिच्या रिसीव्हरचे दिवे विझतात का ते मी बघणार आहे, त्याला वीस मिनिटं लागतील, तेवढा वेळ मुलांना वडापाव द्या. पालकांपैकी शंभरेक जण बसायला आले तर बरं, आणि मोबाइल घेऊनच या. मिक्सरवर आठवी-नववीतला कोण बसणार ते मला आधी कळवा, त्याच्याशी मला बोलायचं आहे.

सेल मी आणतो. बिलात धरणार नाही.